वाहन-सल्ला: हिवाळ्यात रोज धावणारी आलिशान गाडी

प्रश्न : माझी बीएस-६ डिझेल एसयूव्ही रोज प्रभादेवी ते बीकेसी एवढीच जाते, एका वेळी सहा-सात किलोमीटर. डिसेंबरपासून डीपीएफचा पिवळा दिवा दोनदा लागला. ड्रायव्हर म्हणतो थंडीमुळे लागतो, जाईल आपोआप. वाट पाहू का? — वाचक, प्रभादेवी

उत्तर : वाट पाहू नका. मुंबईच्या थंडीचा यात फारसा हात नाही, तुमच्या छोट्या फेऱ्यांचा आहे. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली काजळीची जाळी. साठलेली काजळी जाळायला तिथे सुमारे ६०० अंश तापमान लागतं. त्यासाठी इंजिन थोडं जादा डिझेल सोडतं. सिग्नलला थांबत-थांबत ऑफिस गाठून तुम्ही गाडी बंद केली की ही जळणी अर्धवट राहते, आणि ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. तीन-चार वेळा असं झालं की दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते, आणि मग वर्कशॉपमध्ये मशीन लावूनच जाळी साफ करावी लागते.

रविवारी सकाळी लवकर निघा. टाकी निदान अर्धी भरलेली असू द्या. डिझेल रिझर्व्हला आलं असेल तर बऱ्याच गाड्या जळणी सुरूच करत नाहीत. कोस्टल रोड लवकर संपतो, म्हणून शिवडीहून अटल सेतू धरा. तो जवळजवळ २२ किलोमीटर लांब आहे आणि तिथे कारना ताशी १०० पर्यंत परवानगी आहे. गिअर मॅन्युअल मोडमध्ये एक खाली ठेवून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) २,००० च्या आसपास राखा आणि २० मिनिटं एकसारख्या वेगात चालवा. सेतू तेवढ्यात संपला तर पुढच्या मोकळ्या रस्त्यावर तसंच चालू ठेवा.

जळणी चालू असल्याच्या खुणा ओळखायला शिका. गाडी उभी असताना आरपीएम किंचित चढलेला असतो, सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी स्टार्ट-स्टॉप सोय चालत नाही, जळका वास येतो, रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो. अशा वेळी पार्किंगला पोहोचलात तरी इंजिन बंद करू नका, जमलं तर आणखी एक फेरी मारा. ऑइलची पातळी दर १५ दिवसांनी बघा. ती कमाल खुणेच्या वर चढली असेल तर त्यात डिझेल मिसळलंय. सर्व्हिसची तारीख न पाहता ऑइल बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमी-राखेच्या ग्रेडचंच हवं, कारण काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती जाळीतच साचत जाते. रोज १२-१४ किलोमीटर जाणाऱ्याने डिझेल घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढची गाडी घेताना पेट्रोल हायब्रीड किंवा इलेक्ट्रिकचा विचार करा.

प्रश्न : सकाळी गाडी पाच मिनिटं चालू ठेवून गरम करावी का? — वाचक, बोरिवली

उत्तर : गरज नाही. १६-१७ अंशांत ०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० ऑइल लगेच वर चढतं. अर्धा मिनिट थांबून निघा आणि ऑइलचं तापमान ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत टर्बोवर जोर देऊ नका, म्हणजे अॅक्सिलरेटर जोरात दाबू नका. कूलंटचा काटा आधी मध्यावर येतो, ऑइल मागून तापतं. काट्यावर विसंबू नका.

प्रश्न : नव्या काळ्या सेडानच्या रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. गाडी रोज पुसली जाते. — वाचक, पवई

उत्तर : रोज पुसली जाते म्हणूनच दिसतात. पावसाळा संपला की बांधकामाची धूळ हवेत तरंगते आणि पहाटेच्या दवाने रंगाला चिकटते. त्यात सिमेंट आणि रेतीचे कण असतात. सोसायटीत गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत एकच फडका पिळून दहा गाड्या पुसतात. आधीच्या नऊ गाड्यांची रेती तुमच्या बॉनेटवर फिरते. त्यांना रागावू नका, काम बदलून द्या. रोज फक्त काचा, आरसे आणि दिवे, तेही तुमच्याच स्वच्छ मायक्रोफायबरने. बाकी गाडी आठवड्यातून एकदा, सावलीत धुवा. आधी प्रेशरच्या पाण्याने धूळ उतरवा, मग दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक हातमोजा खळबळायची. चाकांचा कपडा वेगळा. धुतल्यावर तशीच सुकू देऊ नका. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग दवाच्या डागांहून चिवट असतात. आत्ताचे ओरखडे पॉलिशने जातील, पण आधी गेजने रंगाची जाडी मोजून घ्या, कारण प्रत्येक पॉलिश क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, थर खाते.

हीच धूळ केबिन फिल्टरमध्येही जाते. कार्बनचा फिल्टर हवेने झटकून पुन्हा ताजा होत नाही. दिवाळीनंतर नवा टाका आणि बसवताना बाण हवेच्या दिशेने ठेवा. सायनच्या कोंडीत रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणारं बटण) जरूर लावा, पण दर १५-२० मिनिटांनी दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या. नाहीतर डोळ्यांवर झापड येते आणि काचा धुरकटतात.

प्रश्न : थंडीत सकाळी टायरच्या हवेचा दिवा लागतो, दुपारी जातो. — वाचक, मुलुंड

उत्तर : साधारण सहा अंश तापमान उतरलं की एक पीएसआय हवा कमी भरते. मुंबईत पहाट आणि दुपार यांत दहा-पंधरा अंशांचा फरक, म्हणजे दोन-अडीच पीएसआय. हवा आधीच काठावर असेल तरच दिवा लागतो. रात्रभर उभ्या, थंड टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. आठ दिवसांत एकच टायर पुन्हा उतरला तर खिळा, व्हॉल्व्ह किंवा रिमची कड तपासा. टायर रन-फ्लॅट असेल तर हवा पूर्ण गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, चालवता येतो. पण असा चाललेला टायर बाहेरून दोरी घालून दुरुस्त करू नका. रिमवरून उतरवून आतली भिंत बघा. ती घासलेली दिसली तर टायर बदलावाच लागेल.