बारावीच्या मुलीचे नीट, जेईई मेन आणि सीईटीचे फॉर्म भरायचे आहेत (पुणे). आधार, अंगठा, झडती हे सगळं सक्तीचं आहे का? आणि फॉर्म भरायच्या आधीच कॉलेजांचे फोन कसे यायला लागले?

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत: आधार द्यावंच लागतं का, केंद्रावर घेतलेला अंगठा आणि फोटो कशासाठी, मुलीची झडती कोण घेतं, आणि खासगी कॉलेजांकडे तुमचा नंबर कसा गेला. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणा काय मागतात ते निदान माहितीपत्रकात छापलेलं असतं. माझ्या मते जास्त गळती होते ती फॉर्मच्या आजूबाजूला, आणि बहुतेक वेळा ती माहिती आपणच दिलेली असते.

फोन येतात त्यामागची कारणं साधी आहेत. अकरावीत कुठल्या तरी क्लासची 'मोफत स्कॉलरशिप टेस्ट' दिलेली असते. करिअर मेळाव्याच्या दारात क्यूआर कोड स्कॅन करून नाव-नंबर भरलेला असतो. एखाद्या खासगी विद्यापीठाच्या साइटवर 'ब्रोशर डाउनलोड' केलेलं असतं. जानेवारीच्या जेईईनंतर त्यात रँक प्रेडिक्टरची, म्हणजे गुणांवरून रँकचा अंदाज सांगणाऱ्या साइटची, भर पडते. हा प्रकार जरा जवळून बघा. जेईई मेनची रिस्पॉन्स शीट एका लिंकवर उघडते आणि ती लिंक ज्याच्या हातात असेल त्याला लॉगिनशिवाय दिसते. वरच्या चौकटीत अर्ज क्रमांक, नाव, रोल नंबर, परीक्षेची तारीख आणि वेळ असते. खाली प्रत्येक प्रश्नाला काय उत्तर दिलं ते असतं. ही लिंक प्रेडिक्टरच्या साइटवर चिकटवली आणि निकाल बघायला मोबाइलचा ओटीपी टाकला, की नाव, नंबर आणि अंदाजे गुण असा तयार मालच त्यांच्या हातात गेला. प्रवेशाच्या दलालाला आणखी काय हवं असतं?

गुण घरी मोजता येतात. उत्तरतालिकेत क्वेश्चन आयडी असतो, तोच रिस्पॉन्स शीटवर असतो. दोन्ही शेजारी ठेवून बरोबरला अधिक 4, चुकीला उणे 1. प्रश्न 75 आणि गुण 300, म्हणजे फार तर अर्ध्या तासाचं काम. प्रेडिक्टर वापरायचाच असेल तर निकालानंतर फक्त पर्सेंटाइल टाका, आणि मोबाइल नंबर मागणाऱ्या साइटवरून सरळ बाहेर पडा. आता जे फोन येतात त्यांच्यासाठी 1909 वर डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) करा. त्याने सगळे थांबत नाहीत, कमी होतात.

आता नेटकॅफे. 'सर्व फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी शहरात कुठेही सापडते आणि गडबडीत तिथेच जाणं होतं. इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे कॅफेवाल्याने 'काकू, आमचाच टाकतो, ओटीपी पटकन येतो' म्हणत स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकणं. अर्जात उमेदवाराचा किंवा पालकांचाच मोबाइल आणि ईमेल हवा, असं एनटीएच्या (नीट आणि जेईई मेन घेणारी केंद्राची यंत्रणा) माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. नंतर दुरुस्तीची खिडकी उघडली तरी जेईई मेनला मोबाइल, ईमेल आणि पत्ता बदलता येत नाही. पासवर्ड विसरला तर तो परत मिळवायचे मार्ग म्हणजे सुरक्षा प्रश्न, मोबाइलवर ओटीपी आणि ईमेलवर लिंक. यातले दोन त्या कॅफेवाल्याच्या खिशात, आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तरही बहुधा त्यानेच टाकलेलं. एप्रिलमध्ये हॉल तिकीट काढायला परत त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. त्याच्या मनात वाईट काही नसेलही, पण सीईटीनंतरच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्यांत अशा हातातला लॉगिन परवडत नाही. तिथे ऑप्शन फॉर्म कन्फर्म केला की मुदत असली तरी मनासारखा बदलता येत नाही, आणि कॉलेजांचा पसंतीक्रम दुसऱ्याच कुणी भरलेला निघाला तर हा घोळ निस्तरणं फार अवघड जातं.

म्हणून फॉर्म शक्यतो घरी भरा. या तीन परीक्षांसाठी मुलीच्या नावाने एक वेगळा ईमेल काढा, मोबाइल आई किंवा वडिलांचा द्या. क्लासच्या ऑफिसला लॉगिन देऊ नका, त्यांनी 'आम्ही सगळ्यांचं भरतो' म्हटलं तरी. पासवर्डमध्ये मुलीचं नाव आणि जन्मसाल नको, तो अंदाज कुणीही करतो. कॅफेत जावंच लागलं तर कागदपत्रं व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, पेन ड्राइव्हवर न्या. काम झाल्यावर डाउनलोड्स फोल्डरमधून फाइल काढा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. तिथे व्हॉट्सअॅप वेब उघडलं असेल तर घरी येऊन फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' बघा आणि तो संगणक काढून टाका. आधार, जातीचा दाखला, दहावीची मार्कशीट, सही आणि फोटो हे सगळं एकाच फोल्डरमध्ये पुढच्या गिऱ्हाइकासमोर पडून राहणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. आधारच्या झेरॉक्सवर 'फक्त अमुक परीक्षेसाठी' असं लिहून तारीख घाला. अक्षरं छापील मजकुरावरून जाऊ द्या, कोपऱ्यात नको, कारण कोपरा कापता येतो.

आधारबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सीबीएसई, नीट, जेईई आणि यूजीसी यांना आधार सक्तीचं करता येणार नाही असं म्हटलं आहे. जेईई-नीटच्या अर्जात पासपोर्ट, रेशन कार्ड, बँक पासबुक असे पर्याय दिलेले असतात. तरीही व्यवहारात मी आधारच वापरा म्हणेन, एका अटीवर: आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि दहावीची मार्कशीट अक्षरशः जुळायला हवी. आपल्याकडे नेहमी अडतं ते इथे. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही. आधारवर फक्त जन्मसाल. ही दुरुस्ती फॉर्म सुटायच्या आधी करून घ्या. दुकानात, हॉस्टेलमध्ये किंवा क्लासमध्ये कुणी आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. परीक्षा केंद्रावर मात्र मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

केंद्रावर फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात तो तोतया उमेदवार पकडण्यासाठी: परीक्षेला बसलेली आणि प्रवेशाला आलेली व्यक्ती एकच आहे का, हे पुढे ताडून बघता यावं म्हणून. त्याला नकार देऊन परीक्षेला बसता येत नाही. जेईई मेनमध्ये स्वच्छतागृहात जाऊन परत आलं तरी पुन्हा झडती आणि पुन्हा ठसा, असा नियम 2024 पासून आहे. त्यामुळे मध्ये उठलं तर काही मिनिटं जातात, तेवढी धरून चाला. ठसा न उमटण्याची कारणं बहुधा साधी असतात: घामेजलेली बोटं, सोललेली त्वचा, आणि लग्नसराईतली मेंदी. नीट मे महिन्यात असते. घरात लग्न असेल तर मुलीच्या बोटांच्या टोकांना मेंदी लावू देऊ नका, बाकी हातावर काढा हवी तेवढी. ठसा नाहीच आला तर सहसा लेखी हमी घेऊन बसू देतात, पण त्यात वेळ आणि धीर दोन्ही जातं.

झडतीत मुलींना बाईच तपासेल आणि तीही आडोशाला, हे नीटच्या नियमांतच आहे. कपडे उतरवायला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. 2022 साली केरळातल्या कोल्लममध्ये धातूच्या हुकांमुळे मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली होती. त्यावर गदारोळ झाला आणि त्या मुलींसाठी 4 सप्टेंबर 2022 ला पुन्हा परीक्षा घेतली गेली. म्हणून दोन्ही बाजूंनी तयारी ठेवा. हुक नसलेली अंतर्वस्त्रं, अर्ध्या बाह्यांचा फिका साधा कुर्ता, मोठी बटणं किंवा धातूची रिव्हेट नको, साध्या चपला. कानातलं, चमकी, पैंजण घरीच. डोक्यावर ओढणी किंवा पगडीसारखा पारंपरिक पेहराव असेल तर हॉल तिकिटावर दिलेल्या लवकरच्या वेळेला पोचा. सॅनिटरी पॅड निषिद्ध वस्तूंच्या यादीत नाहीत, कुणी अडवलं तर तसं सांगा. मधुमेह असेल तर साखरेच्या गोळ्या, केळं-सफरचंदासारखं फळ आणि पारदर्शक बाटलीतलं पाणी चालतं. चॉकलेट किंवा सँडविच चालत नाही. दंडावर ग्लुकोज सेन्सर किंवा इन्सुलिन पंप असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह आधीच ईमेल करून परवानगी घ्या. गेटवरच्या माणसाला समजावत बसायची वेळ येऊ देऊ नका, त्याच्या हातात फक्त यादी असते.

फोन आणि बॅग घेऊन जाऊच नका. वाघोली, आंबेगाव किंवा हिंजवडीसारख्या लांबच्या केंद्रावर सामान ठेवायची सोय असेलच असं नाही, आणि समोरच्या टपरीवर फोन ठेवणं म्हणजे ओटीपी येणारा फोन अनोळखी माणसाला देणं. नीटला दुपारी दीडला गेट बंद होतं, नंतर कुणी कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही.

परीक्षा खोलीतला एक नियम मुलांना ठाऊक नसतो. कच्चं काम फक्त दिलेल्या कागदावर करायचं. हॉल तिकिटाच्या मागे एखादा प्रश्न किंवा उत्तराचा पर्याय उतरवून घेतला तर तो गैरप्रकार धरला जातो. जेईई मेनला कच्चे कागद आणि हॉल तिकीट बाहेर पडताना पेटीत टाकायचे असतात. म्हणून हॉल तिकिटाची आणखी एक प्रत घरी काढून ठेवा, प्रवेशाच्या वेळी लागते. एकाच उमेदवाराने दोन अर्ज भरणं हाही जेईईत गैरप्रकारच आहे. 'पहिल्यात चूक झाली म्हणून दुसरा भरला' हे कारण चालत नाही. शिक्षा तीन वर्षांच्या बंदीपर्यंत जाते. 21 जून 2024 पासून लागू झालेला केंद्राचा पेपरफुटीविरोधी कायदा मुख्यतः पेपर फोडणाऱ्या टोळ्या आणि सेवा पुरवठादारांसाठी आहे. उमेदवारावरची कारवाई परीक्षा यंत्रणेच्या स्वतःच्या नियमांनी होते.

केंद्रावर काही चुकीचं घडलं तर त्याच दिवशी केंद्र अधीक्षकाकडे लेखी तक्रार द्या, खोली क्रमांक आणि वेळेसह, आणि तीच ईमेलने एनटीएला किंवा सीईटी सेलला (राज्याची सीईटी घेणारी यंत्रणा) पाठवा. उशीर करू नका, कारण एनटीए निकालानंतर 90 दिवसच नोंदी ठेवते. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. म्हणजे निकालाच्या आठवड्यात अर्ज टाकला तरच अपिलाला वेळ उरतो. उत्तरतालिकेवरचा आक्षेप हे वेगळं काम आहे: एनटीएकडे प्रश्नाला 200 रुपये, सीईटी सेलकडे 1000.

निकालानंतर हॉल तिकीट किंवा स्कोअरकार्डचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकू देऊ नका. त्यावर अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख दोन्ही असतात, निकालाच्या पानावर शिरायला तेवढंच पुरतं. कॅपची गुणवत्ता यादी मात्र उघडीच असते, त्यात नाव, प्रवर्ग आणि पर्सेंटाइल दिसतात. ते टाळता येत नाही आणि माझ्या मते टाळूही नये, कारण त्याच यादीवरून चुकीच्या प्रवर्गातल्या नोंदी पकडल्या जातात. मोबाइल नंबर तिथे नसतो. 'यादीतून तुमचा नंबर मिळाला' असं फोनवर कुणी म्हटलं तर तो खोटं बोलतोय. प्रवेश पक्का करतो म्हणून पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्याकडून कुणी फसलं असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 चा आहे. त्याखाली 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. तोवर त्याच्या भरवशावर राहू नका.

एका बाबतीत मात्र आजच हातात नियम आहे. क्लासवाले चौकाचौकात मुलांचे फोटो लावतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय जाहिरातीत वापरायला लेखी संमती लागते, आणि ती निकाल लागल्यानंतरच घ्यायची असते. प्रवेशाच्या वेळी फी भरताना सही घेतलेल्या कागदावर अशी ओळ असेल तर ती चालत नाही. मुलीचा फोटो न विचारता लागला, तर आधी क्लासला ईमेल करा. दाद दिली नाही, तर फ्लेक्सचा फोटो काढून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.