लिफाफा फोडा, अजून सहा दिवस आहेत

साहेबांनी वर्षभराच्या कामाला गुण आणि शेरे देऊन लिहिलेल्या वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालाची प्रत मिळून नऊ दिवस झाले, तरी लिफाफा फोडण्याचे धैर्य होत नाही, असे आपण लिहिले आहे. मी केंद्र सरकारच्या सेवेत असताना असाच लिफाफा टेबलाच्या खालच्या खणात, रजेच्या अर्जांखाली, सव्वीस दिवस ठेवला होता. अहवालाविरुद्ध निवेदन देण्याची मुदत मात्र प्रत मिळाल्यापासून पंधरा दिवसांची असते.

पोचेवर सही घेताना आस्थापना शाखेतील कारकून म्हणाले होते, "साहेबांनी चांगलेच लिहिले आहे." ते खोटे बोलले नाहीत. आत दहापैकी 5.8 गुण होते, म्हणजे प्रतवारी 'चांगला', आणि माझ्या बढतीसाठी 'अति उत्तम', म्हणजे किमान 6, हवे होते. पुढे त्याच शाखेने माझे उशिरा दिलेले निवेदन एका ओळीच्या पत्रासह परत केले. उशिराचे कारण काय, हे विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाही. त्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही, पण सव्वीस दिवस माझे स्वतःचेच होते.

गंमत अशी की याच 'चांगला' शेऱ्यावरून देव दत्त नावाचे अभियंता सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. त्यांना 1993-94 सालचा तो शेरा कळवलाच गेला नव्हता आणि तोच बढतीच्या आड आला होता. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असा निकाल 2008 साली लागला, म्हणून आज आपल्या हाती प्रत येते. जे वाचायला मिळावे म्हणून कोणी न्यायालयात गेले, तेच आपण खणात ठेवतो.

मला टीकेची भीती वाटत होती, असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल. त्या वर्षी दोन नस्त्या, म्हणजे फायली, माझ्यामुळे रखडल्या होत्या, हे मला ठाऊक होते. लिफाफा बंद होता तोवर तो दोष साहेबांच्या लक्षात आला नसेल, असे मानायला जागा होती. वाचल्यावर एक तर तो कबूल करावा लागला असता किंवा साहेबांशी लेखी वाद घालावा लागला असता, आणि मला दोन्ही नको होते.

मी कायद्याचा जाणकार नाही, आणि राज्य शासनाच्या सेवेतील नियम वेगळे असू शकतात, तेव्हा आपल्या सेवेचे परिपत्रक स्वतः पाहावे, शाखेच्या तोंडी सांगण्यावर राहू नये. एकट्याने वाचवत नसेल तर घरच्या कोणाला तरी समोर बसवावे. माझा लिफाफा शेवटी पत्नीने फोडला. आधी गुणांचा आकडा आणि पुनर्विलोकन अधिकाऱ्याचा, म्हणजे साहेबांच्या वरच्या अधिकाऱ्याचा, अभिप्राय पाहावा, साहेबांची भाषा नंतर वाचावी. आणि पोचेवर आपण घातलेली तारीख आजच वहीत उतरवून घ्यावी, कारण दिवस तिथूनच मोजले जातात.