थंडीवर उगाच आळ

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात मी गळाच्या दोन काठ्या गॅरेजमध्ये ठेवल्या होत्या. कार्बनची काठी कापडी पिशवीत घालून नळीत बंद केली होती, बांबूची भिंतीला टेकवून उभी होती. बाहेर बर्फ साचलेलं. थंडी सरल्यावर पाहतो तर कार्बनच्या काठीच्या लेपावर बारीक फोड आणि बांबूच्या काठीला बाक! यंदा दोन्ही घरात, हीटरजवळ ठेवू का?

उत्तर : हीटरजवळ मुळीच नको. उन्हाळ्यात बंद गाडीत काठी विसरण्याइतकीच ती चूक ठरेल.

तुम्ही आळ घेताय थंडीवर, पण कार्बन किंवा फायबरग्लासच्या काठीला नुसत्या थंडीचं काही वाटत नाही. फोड आणले ते ओलाव्याने. शेवटच्या फेरीनंतर पिशवी जराशी दमट राहिली असणार. झाकण लागलं की ती ओल बाहेर जाणार कुठे? महिनोन्‌महिने लेपाला चिकटून बसते. शिवाय गार काठी उबदार खोलीत आणली की चष्म्यावर धरतं तसं तिच्यावर दव धरतं. तेव्हा आधी गोड्या पाण्याने धुवा (समुद्रावर वापरली असेल तर नक्कीच), पुसा, आणि काठी व पिशवी वेगवेगळ्या दोन दिवस खोलीतल्या वाऱ्यावर वाळू द्या. मगच नळीत. झाकण मी तरीही किंचित सैल ठेवतो.

बाकाचं दुःख मला ठाऊक आहे. सहा पट्ट्या चिकटवून केलेली माझी बांबूची काठी एकदा चार महिने कपाटाआड तिरकी उभी राहिली आणि धनुष्य होऊन बाहेर आली. मग शहाणपणा सुचला, वाफेवर धरली. बाक तसाच राहिला, वरचं वार्निश मात्र पांढरं पडलं. तुम्ही हे करू नका, जाणकाराकडे द्या. पुढच्या वेळी सांधे सोडवा, भाग पिशवीत घाला आणि पिशवीच्या नाडीने कोरड्या कपाटात सरळ टांगा. आडवी ठेवायची तर तीन-चार ठिकाणी आधार द्या, वर काही रचू नका.

सांधा अडकला तर पिळू नका, सरळ रेषेत ओढा. कार्बनच्या सांध्याला मेणबत्तीचं मेण हलकं चोळलं की पुढच्या वेळी तो सहज सुटतो. तेल नको.

रीळ काढून वेगळं ठेवा आणि त्याचा ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या तंगूसाला रोखणारा ब्रेक, सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दाबल्या जाऊन चपट्या होतात. तंगूस रिळावर वेटोळ्यांचं वळण धरतो. जुना असेल तर आत्ताच काढून टाका.

काठीवरच्या, तंगूस ओवायच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवून बघा. तंतू अडकला की तिथे तडा आहे असं समजा. तोच तडा पुढे तंगूस कापतो.

राहिली बुचाची मूठ. ती सौम्य साबणाने धुतली तर पुरे. गॅरेजमध्ये उंदीर असतील तर काठी नळीतच ठेवा, कारण घामाची चव लागलेलं बूच ते कुरतडतात. माझ्या एका मुठीवर अजून दातांच्या खुणा आहेत. पकड मात्र छान बसते.