श्राद्धाची तिथी ठाऊक आहे, मृत्यूची नोंद मात्र सापडत नाही

प्रश्न : माझे पणजोबा कळंब तालुक्यातील (जि. धाराशिव) आमच्या गावी शेती करीत. रझाकारीत (निजामाच्या हैदराबाद संस्थानात सशस्त्र रझाकारांच्या उपद्रवाच्या काळात) कुटुंब गाव सोडून बार्शीकडे गेले आणि पोलीस ॲक्शननंतर परतले. पणजोबा मात्र त्याच धामधुमीत वारले, एवढेच घरात सांगितले जाते. त्यांचे श्राद्ध आम्ही श्रावण वद्य पंचमीला करतो. साल कोणालाच ठाऊक नाही. घराण्याची वंशावळ लिहिताना मी ग्रामपंचायतीत आणि कळंबच्या तहसील कार्यालयात अर्ज केले. दोन्हीकडून ‘नोंद आढळून येत नाही’ असे लेखी उत्तर आले. आता कोठे शोधावे?
– एक वाचक, कळंब तालुका

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर बहुधा खरेच असावे. मृत्यूची नोंद माणूस ज्या गावचा असतो तेथे होत नाही, तो जेथे मरण पावतो तेथे होते, आणि आपण आतापर्यंत केवळ मूळ गावीच विचारणा केलेली दिसते. शिवाय ग्रामपंचायतीकडील नोंदवह्या सर्वसाधारणपणे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या असतात. त्याआधीचे जे काही उरले असेल ते तहसीलच्या अभिलेख कक्षात.

शोधाचा आरंभ कार्यालयातून न करता तिथीपासून करावा, असे मी सुचवीन. आपल्या घराने साल गमावले, पण तिथी जपली, आणि ही तिथी आपण समजता त्याहून पुष्कळ अधिक सांगते. रझाकारांचा उपद्रव आणि १९४८ च्या १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस कारवाई लक्षात घेता विचारात घेण्याजोगे श्रावण दोनच उरतात. १९४७ साली श्रावण अधिक होता (२०२३ साली होता तसाच), त्यामुळे निज (अधिकानंतरच्या खऱ्या) श्रावणातील वद्य पंचमी त्या वर्षी सप्टेंबरच्या पूर्वार्धात आली. १९४८ साली अधिक महिना नव्हता आणि तीच तिथी ऑगस्टच्या चोविसाव्या दिवसाच्या आसपास पडली. म्हणजे हे साल १९४८ असेल, तर पणजोबांचे निधन हैदराबाद संस्थानात भारतीय फौजा शिरण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे झाले. घरातील हकिकतीप्रमाणे त्या वेळी कुटुंब बार्शीकडे होते. मग ती नोंद कळंबला मिळणार कशी?

बार्शी तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर, मुंबई प्रांतातील सोलापूर जिल्ह्यात होती. मृत्यू शहरात झाला असल्यास नगरपालिकेच्या जुन्या मृत्यू नोंदवह्या पाहाव्या लागतील; आसपासच्या एखाद्या खेड्यात झाला असल्यास त्या खेड्याचा गाव नमुना १४, ज्याला आपल्याकडे ‘कोतवाल बुक’ म्हणतात, तो बार्शी तहसीलकडे मागावा. तेव्हा कोणाच्या आश्रयाने राहिलो होतो, हे घरातील एखाद्या वृद्ध आत्याबाईंना किंवा काकूंना आधी विचारून घ्यावे, म्हणजे खेड्याचे नाव तरी हाती लागेल. अर्जात केवळ नाव देऊ नये. या वह्या नावांच्या क्रमाने लिहिलेल्या नसून तारखांच्या क्रमाने लिहिलेल्या असतात, म्हणून ‘ऑगस्ट व सप्टेंबर १९४८ आणि त्याच महिन्यांतील १९४७ च्या नोंदींची पाहणी करू द्यावी’ असे लिहावे आणि शक्य असल्यास पाने स्वतः वाचावीत. कारकून आपण दिलेले नाव तंतोतंत शोधतो. लिहिणाऱ्याने मात्र ज्ञानोबाचा ‘ग्यानोबा’ केलेला असतो, आडनाव वगळलेले असते, किंवा नावाऐवजी नुसते ‘परगावचा इसम’ असे लिहून त्याची जात आणि वय तेवढे नोंदविलेले असते. नोंदवहीत शोध घेण्याची आणि उतारा मागण्याची मुभा कायद्याने कोणालाही दिली आहे. उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र दिले जात नाही.

बार्शीत काहीच मिळाले नाही, तरी आपल्या गावची जमीन बोलू शकते. खातेदार वारला की आज ना उद्या वारसांची नावे लावावीच लागतात. हैदराबाद संस्थानात हक्कनोंदीचा कायदाच फसली (निजामाच्या राज्यातील सरकारी कालगणना) १३५८ चा, म्हणजे १९४८-४९ चा. त्यामुळे पणजोबांच्या वारसाचा फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद) पन्नाशीच्या दशकात केव्हातरी मंजूर झालेला असण्याचा संभव मोठा आहे. आजच्या सातबाऱ्यापासून एकेक फेरफार क्रमांक धरून मागे जात राहावे. ‘अमुक वल्द अमुक हे मयत झाल्याने वारस म्हणून...’ अशा धर्तीचे वाक्य त्या नोंदीत असते, आणि त्याच्या पोटात कधी मृत्यूची तारीख, कधी ‘सुमारे पाच वर्षांपूर्वी’ असा अंदाज सापडतो. त्याआधीचा टप्पा म्हणून १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनी आणि त्यांच्या धारकांची त्या वेळची यादी) अवश्य पाहावे. त्यात पणजोबांऐवजी आजोबांचे नाव आले असेल, तर निदान मृत्यू त्याआधीचा, एवढे ठरते.

याहून जुना कागद उर्दूत किंवा मोडीत असेल. उर्दू कागदात ‘फौत’ हा शब्द दिसला की थांबावे, कारण त्याचा अर्थ ‘मृत’ असा आहे. घाईच्या उर्दू लेखनात अक्षरांवरचे नुक्ते (टिंबे) गाळलेले असतात आणि उर्दू लिपीत ‘ळ’ नाही, म्हणून ‘बाळा’चा ‘बाला’ होणे हे नित्याचेच. वाचून देणाऱ्याला घरातील सगळी नावे आधी सांगून ठेवावीत. साल फसली असते. त्यात ५९० मिळविले की ते ज्या ऑक्टोबरात सुरू झाले ते इसवी साल मिळते. याचा अर्थ फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असे चालले आणि आपले दोन श्रावण दोन वेगळ्या फसली सालांत पडतात. हा योग आपल्या पथ्यावर पडणारा आहे. घराण्यात पाटीलकी, इनाम किंवा देवस्थानची सेवा असल्यास विरासतीच्या (वारसाच्या) चौकशीचे कागद आणि मुंतखब (इनामाचा सरकारी दाखला) यांचाही माग काढावा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांविषयी थोडक्यात सांगतो. अस्थी नाशिकला किंवा अन्य तीर्थक्षेत्री नेल्या असतील, तर तेथील उपाध्यायांच्या नामावलीत आपल्या गावाच्या पानावर आजोबांची सही मिळू शकते. मात्र ती तारीख त्यांच्या तेथे जाण्याची असते. नोंद प्रयागची किंवा गयेची असल्यास आणखी एक सावधगिरी बाळगावी : तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला श्रावण वद्य पक्ष तेथे भाद्रपद कृष्ण म्हणून लिहिला जातो.

अखेरीस एक प्रश्न आपण विचारलेला नाही, पण पुष्कळ जण विचारतात. नोंद मिळालीच नाही तर नवीन करून घ्यावी काय? एक वर्षाहून जुन्या मृत्यूची नोंद करण्यासाठी २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो आणि त्यासाठी निश्चित तारीख सांगावी लागते. आपले काम वंशावळीचे आहे, वारसाहक्काचे नाही. अंदाजाची तारीख शासकीय वहीत चढवून घेण्यापेक्षा वंशावळीत ‘श्रावण वद्य ५, बहुधा १९४८, बार्शीच्या बाजूला, आधार : घरातील श्राद्धतिथी’ असे लिहावे, आणि मिळालेली दोन्ही नकारार्थी उत्तरे त्याच पानाला जोडून ठेवावीत.