वजन मुलाचं, मग सगळ्या घराने कशाला यायचं?

"त्याला आठवड्यातून एकदा तुमच्याकडे आणून सोडलं तर नाही का चालणार? आम्हा सगळ्यांना कसं जमायचं?" मुलांच्या खाण्या-वजनाच्या तक्रारींसाठी भोसरीत शनिवारी संध्याकाळी आम्ही जो कुटुंब-गट चालवतो, त्याची चौकशी करायला येणारे बहुतेक पालक हेच विचारतात. मग आवाज जरा खाली आणून दुसरी शंका येते, "तिथे सगळी जाडी मुलंच असतील ना? त्याला आणखी वाईट वाटेल हो." दोन्ही शंका रास्त आहेत. एका घराची गोष्ट सांगते, म्हणजे उत्तर त्यातच येईल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा. उंची १३२ सेंटीमीटर, वजन ३८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २१.८. या वयाच्या वाढीच्या तक्त्यात हा आकडा लठ्ठपणात मोडतो. मानेची कातडी काळपट, जाडसर झालेली होती, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट ठीक आले. हे काम आधी व्हायलाच हवं. मूल रोज घोरत असेल, मान आणि काखा काळवंडल्या असतील किंवा वजन वाढतंय पण उंची थांबली असेल, तर आधी डॉक्टर, मग आम्ही.

आई मात्र माझ्याकडे वजनाची तक्रार घेऊन आली नव्हती. गादीखाली वेफर्सची रिकामी पाकिटं सापडली होती आणि विचारल्यावर मुलगा धडधडीत खोटं बोलला होता. "मॅडम, चोऱ्या करायला लागलाय," म्हणून ती रडली.

मी तिला त्याचा दिवस सांगायला लावला. पावणेसहाला उठायचं, साडेसहाला स्कूलबस. डबा अर्धा परत येतो, कारण खायला वेळच पुरत नाही. दुपारी शाळा सुटली की फाटकासमोरच्या टपरीवरचं दहा रुपयांचं पाकीट. तीनला घर, चारला ट्यूशन. वडील चाकणच्या कंपनीत, ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत साडेनऊ. सगळ्यांनी एकत्र जेवायचं म्हणून दहाला ताटं, समोर टीव्ही. झोपायला साडेअकरा. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. याला जेमतेम सहा मिळत होती, आणि झोप कमी पडली की भूक वाढते, तीही गोड-तळलेल्याची.

त्यात डॉक्टरांकडून आल्यावर आईने बिस्किटांचा डबा कुलपात ठेवला होता, फक्त त्याच्यासाठी. मोठी बहीण सडपातळ, तिला मोकळीक. "तिच्या अंगाला काही लागत नाही." त्याच्या चार पोळ्यांच्या दोन केल्या. आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर गेली की आजी त्याच्या हातात तूप-साखरेची पोळी गुंडाळून देत होत्या. भूक खरी, डबा बंद, खाणं मिळतं ते लपून. मुलाने घरात जे पाहिलं तेच केलं. याला चोरी म्हणू नका, असं मी आईला स्पष्ट सांगितलं.

सगळ्या घराने का यायचं, हे इथेच कळतं. तीन वाजता त्याला खायला देणार आजी. रात्रीच्या जेवणाची वेळ ठरणार वडिलांवर. डब्याला कुलूप लावणारी आई, उघडा डबा बहिणीचा. यातलं एकही माणूस बदललं नाही आणि मुलाला एकट्याला मी तासभर समजावलं, तर ते ओझं नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर.

आजींना आणणं अवघड गेलं. त्या बार्शीकडच्या. आल्या, पण तोंड वळवून बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "बाई, तुमी दुष्काळ बघितला न्हाई. बहात्तर साली लाल मिलो खाऊन दिवस काढले आमी. माझ्या धाकट्या भावाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा होत्या. आता पोरगं अंगानं भरलं, तर तुमी त्याला उपाशी ठेवा म्हणता."

ज्या बाईने लहानपणी अमेरिकेतून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाल्ली आहे, तिला भरलेलं मूल म्हणजे घराची जीत वाटणार. तिथे कॅलरीचा तक्ता काय कामाचा? मी म्हटलं, "आजी, त्याला कुणीही उपाशी ठेवणार नाही. उलट तीन वाजता त्याला पोटभर जेवण हवंय आणि त्या वेळी घरी तुम्हीच असता." मग चांगल्या पावसाच्या वर्षी घरात काय रांधायचं, ते विचारलं. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. बोलताना त्यांचा चेहरा मोकळा झाला. तीनचं जेवण त्यांच्याकडे आलं आणि तूप-साखरेची पोळी न सांगता मागे पडली.

वडिलांना पुरावा हवा होता. मी त्यांना फ्रान्सचं उदाहरण दिलं. २००४ साली तिथे दहा गावांत 'एपोड' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात शाळा, नगरपालिका, दुकानदार आणि घरं सगळीच उतरली. मुलांना वेगळं काढून उपचार करण्यापेक्षा गावच बदलायचा तो प्रयत्न होता. अशा कार्यक्रमांनी वजनावर होणारा परिणाम बहुधा माफक असतो, हेही सांगितलं. ते ऐकून त्यांचा विश्वास वाढला असावा. ते आले.

आता दुसरी शंका, सगळी जाडी मुलंच असण्याची. आमच्या गटात किडकिडीत मुलं येतात, भाज्या न खाणारी येतात, सगळ्यांची भावंडं येतात. कुणाचंही वजन गटात होत नाही. मुलं लगोरी, साखळी, डबा ऐसपैस खेळतात, मोठ्यांनाही खेळावं लागतं. रोज तासभर घाम येईल असं हुंदडणं मुलांना लागतं, पण हा मुलगा शाळेत पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून बसायचा. पळताना मुलं हसायची. लगोरीत मात्र त्याचा नेम असा, की मुलं त्याला आपल्या बाजूला ओढू लागली.

मोठ्यांच्या बैठकीत एकच गोष्ट मी हट्टाने धरते. ढोल्या, गोलू, भोपळा, ही नावं घरातून जायला हवीत, लाडाची असली तरी. काका त्याला 'गोलूशेठ' म्हणायचे. त्यांनी ते सोडलं.

पुढे गटातल्या आयाच मुख्याध्यापकांना भेटल्या. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे, ते त्यांनी समोर ठेवलं. टपरीवाल्या मावशींचं पोट त्यावर चालतं, म्हणून त्यांच्याशीही बसून बोलल्या. आता तिथे पेरू, बोरं, उकडलेल्या शेंगा असतात.

वर्षाने मुलाचं वजन ३९.५ किलो भरलं आणि आईचा चेहरा पडला. "वाढलंच की!" उंची १३८ झाली होती. बीएमआय २१.८ वरून २०.७ वर आला होता. वाढत्या वयात किलो उतरवायची घाई नको, उंचीला पुढे जाऊ द्यायचं. रात्रीचं जेवण मुलांसाठी आठला होतं, वडील नंतर जेवतात. बिस्किटांचा डबा आता कुणालाच बंद नाही, तो फार क्वचित भरतो इतकंच. मोबाइलवरून अजून भांडणं होतात आणि झोप हवी तेवढी लांबलेली नाही. गादीखाली मात्र काही सापडत नाही.

तुमच्या भागात असा गट नसेल तर इमारतीतली चार घरं पुरतात. आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी ठेवा, तासभर खेळा, एक पदार्थ मुलांच्या हातून करून घ्या. वजनकाटा तिथे आणू नका, उंची-वजनाची नोंद दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे होऊ द्या. आणि आजी-आजोबांना पहिल्याच दिवशी बोलवा.