दुकानाचा यूपीआय चालणारा फोन रूट करावा का? कंपन्या एवढं कुलूप का लावतात?

भावा, गुजरीतल्या दुकानाचा क्यूआर आणि बँक याच फोनवर आहे म्हणतोस, मग तो रूट करू नकोस, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घ्यायला याचा बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप) उघडू नकोस. उघडताना सगळा डेटा पुसला जातो आणि नंतर बँकेची बरीच ॲप्स चालायला नकार देतात. सॅमसंगमध्ये तर नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज (छेडछाडीची कायमची खूण) एकदा उडाला की फोन पुन्हा लॉक केला तरी तो जागेवर येत नाही.

तुझा राग मात्र बरोबर आहे. पैसे आपण मोजायचे आणि काय बसवायचं ते कंपनीनं ठरवायचं? युरोपात कायदा आला तेव्हा ॲपलनं मार्च 2024 मध्ये आयओएस 17.4 पासून दुसऱ्या ॲप स्टोअरना वाट दिली, तीही फक्त तिथल्या लोकांना. म्हणजे सगळंच कुलूप सुरक्षेपोटी नव्हतं, असं माझं मत.

काही कुलपं कामाची आहेत. व्हॉट्सॲपवर ट्रॅफिक चलन नाहीतर लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके (अँड्रॉइड ॲप बसवायची) फाइल येते आणि बसवली की ओटीपीचे मेसेज वाचते. बाहेरून बसवलेल्या ॲपला अँड्रॉइड 13 पासून ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचून फोन चालवण्याची) परवानगी सहज मिळत नाही, ते याचसाठी. ती द्यायला कुणी कॉलवर सांगत असेल तर सरळ फोन ठेव.

हौसच असेल तर राजारामपुरीत जुना हँडसेट बघ, लिनिएजओएसच्या (कंपनीऐवजी बाहेरच्यांनी बनवलेल्या अँड्रॉइडच्या) यादीत असलेला. त्यात बँक घालू नकोस, बाकी काय खेळ करायचा तो कर. आणि नुसतं एफ-ड्रॉइड (मुक्त ॲप्सचं स्टोअर) हवं असेल तर रूट लागतच नाही.