हलक्याफुलक्या मोहिमेसाठी पात्रे घडवताना

प्रश्न : आम्ही पाच मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, प्रत्येकाने एकेक पात्र रंगवत खेळायच्या साहसकथांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या नियमांनुसार मोहीम (अनेक बैठकींत चालणारी सलग कथा) सुरू करीत असून डंजन मास्टरची, म्हणजे कथेच्या सूत्रधाराची, जबाबदारी माझ्याकडे आली आहे. खेळ हलकाफुलका असावा, असे सर्वांचेच म्हणणे आहे. परंतु एकाला सूडाने पेटलेला, कुणाशीही न बोलणारा मारेकरी हवा आहे, तर दुसऱ्याच्या पात्रात गमतीदार नावापलीकडे काहीच नाही. पात्रनिर्मितीसाठी कोणते नियम घालावेत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : विनोदी मोहिमेत पात्रेही विनोदीच हवीत, हा समज आधी बाजूला ठेवावा. नावाचे हसू पहिल्याच बैठकीत ओसरते. पात्राला काहीतरी मनापासून हवे असेल आणि ते मिळवताना त्याची स्वतःचीच एखादी खोड आड येत असेल, तरच मजा टिकते. राजाच्या मेजवानीत आपला रस्सा वाढला जावा एवढ्यासाठी घर सोडलेला आणि कुणी नाक मुरडले की ऐन लढाईत पळी पुढे करून ‘आधी चव तर बघा’ म्हणणारा हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा राक्षसी ऑर्क) असेल, तर त्याचे नाव काहीही असले तरी चालते. म्हणून प्रत्येकाकडून एक इच्छा, एक खोड आणि गटातील किमान एका पात्राशी असलेले नाते लिहून घ्यावे.

गुणांकांसाठी, म्हणजे ताकद, चपळाई, बुद्धी अशा पात्राच्या सहा क्षमतांच्या आकड्यांसाठी, फासे टाकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच्या वाट्याला १७ आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळे ९-१० आले, तर दुसरा पुढे महिनोन्महिने पहिल्याचा हरकाम्या होऊन बसतो. त्याऐवजी नियमपुस्तकातील १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच सर्वांना द्यावा. त्यातला ८ कुठे ठेवला, यावरच पात्राची निम्मी गंमत अवलंबून असते. सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या तिसऱ्या पायरीपासून, करावी. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे (जादूगाराकडे) जेमतेम सात-आठ हिट पॉइंट्स (मार सोसण्याची क्षमता) असतात, गॉब्लिन या छोट्या राक्षसाचा एक जोरकस घाव त्याला आडवा करू शकतो, आणि जिवाची सतत धास्ती असलेला खेळाडू खोड्या काढायला धजावत नाही.

दुष्ट प्रवृत्तीची पात्रे आणि सोबत्यांच्या पिशवीतली चोरी यांना मनाई असावी. ‘माझे पात्र असेच वागेल’ ही सबब ऐकून घेऊ नये. कोणत्या विषयांवर विनोद नको, हेही पात्रे तयार करतानाच सर्वांना विचारून घ्यावे.

मारेकऱ्याला नकार देण्याचे कारण नाही. त्याचा सूड राहू द्यावा. फक्त तो गावच्या भोपळ्यांच्या स्पर्धेत लबाडीने पहिला आलेल्या शेजाऱ्यावर उगवायचा असावा, आणि त्या शेजाऱ्याचा ठावठिकाणा गमतीदार नावाच्या त्या पात्रालाच ठाऊक असावा, म्हणजे मारेकऱ्याला बोलणे भागच पडेल.